फाटक्या कानाचा बिबट्या

आबा, येत्या पोळ्याला तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होतील, आणि एवढ्या दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही. सातवी नापास माणसाला पत्र लिहायला कारण लागतं. आज ते आहे. मी आफ्रिकेत आहे, टांझानियात. दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये ज्या शेठकडे मी फिटर होतो, त्यांच्या मेव्हण्याची इथे जिनिंग आहे. कापूस तोच, सरकी तीच, धुळीचा खोकलासुद्धा तोच. हंगाम संपला की मशीनं झाकून ठेवतात आणि दोन महिने माणूस नुसता बसून राहतो. मला बसवत नाही हे तुम्हाला काय सांगायचं. म्हणून तीन वर्षं झाली, सुट्टीत मी नदीकाठच्या एका कॅम्पात जातो. परदेशातली शिकलेली पोरंपोरी तिथे येऊन जंगलातली जनावरं मोजतात, त्यांचे फोटो काढतात. पगार कोणालाच नाही. तंबू आणि दोन वेळचं जेवण. आधी मी त्यांची गाडी दुरुस्त करायला गेलो होतो, मग म्हणाले, तूही बघायला चल. आईला कळवलं तर तिने कोणाकडून तरी लिहून पाठवलं की फुकट जनावरंच बघायची होती तर आपल्या बांधावर काय कमी होती.

जुना कॅमेरा विकत घेतलाय मी. तिसरं वर्ष आहे आणि बिबट्याचा एक फोटो मिळत नाही. जिराफ मिळाला, पण जिराफ कोणीही काढेल, तो काय लपतो. हत्ती मिळाले, रानरेडे मिळाले. मला बिबट्याच पाहिजे होता, का ते तुम्हाला माहीत आहे. रोल शहरात धुवायला जातो, पंधरा दिवसांनी येतो, आणि त्यात काय, तर हललेलं गवत, फांदी, धूळ. एकदा एक शेपटी होती, तर कॅम्पची मुख्य बाई म्हणाली, माकडाची असेल. माझ्या जोडीला इथला एक म्हातारा वाटाड्या असतो. तो हसून म्हणतो, "जनावर तुला दिसायच्या आधी तू जनावराला दिसतोस. कॅमेरा काढायची एवढी घाई." तो असं म्हणाला की मला आपल्या वरच्या वावरातली टिटवी आठवते. वखर घालायच्या आधी तुम्ही मला अंडी शोधायला लावलेलं, आणि मी सगळं वावर पळत पालथं घालून आलो, नाहीत म्हणालो. तुम्ही तिथेच उभे आहात, बोट खाली करून. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी, ढेकळांसारखी. "तुना डोया शेतस का बटन?" तुम्ही म्हणालात. आता माझ्या हातात खरंच बटण आहे आणि डोळे तसेच.

तुम्ही मात्र बिबट्या बघितला होता. सकाळची पाण्याची पाळी आपली होती, तुम्ही केळीच्या बागेत पाणी भरत होता, आणि तो पाण्याच्या दांडात तोंड घालून पीत होता. तुम्ही खोकललात, त्याने मान वर केली, तुमच्याकडे बघितलं, आणि सावकाश निघून गेला. पायाखाली वाळलेली पानं असून आवाज नाही. एक कान फाटलेला. हे सगळं तुम्ही पाचोऱ्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर सांगितलंत, आणि तिथे जंगल खात्याचा एक माणूस बसला होता. त्याने विचारलं, "पंजाचा ठसा दाखवा." ठसा कुठून दाखवणार, तुम्ही पाणी चालूच ठेवलं होतं. सगळा दांड भरून गेला होता. "ठसा राखाले पाळी सोडू का?" तुम्ही म्हणालात, आणि सगळी टपरी हसली. त्या दिवसापासून तुम्ही दिसलात की कोणीतरी म्हणायचंच, "आबा, तुमना बिबट्या काय म्हनस?" तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. "मी दखं ते सांगं. बठ्ठासले पटाले पायजे असं काही नई." पण सगळ्यांना पटायची गरज नाही म्हणणारे तुम्ही नंतर त्या टपरीवर बसायचं सोडलंत, हे मी पाहिलं होतं. बिबट्याचा फोटो काढून त्याच टपरीच्या भिंतीला चिकटवायचा, एवढंच डोक्यात घेऊन मी तीन वर्षं इथल्या गवतात बसलो.

काल कॅम्पचा शेवटचा दिवस होता. ओढ्यावर एकटाच होतो, दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी बाई वही घेऊन बसली आणि रोजच्यासारखं विचारलं, काही दिसलं का. मी म्हणालो, बिबट्या. कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. फोटो? रोल संपला होता, म्हणालो. आता ही हसेल म्हणून वाट बघत होतो, आबा. ती हसली नाही. कुठे, किती वेळ, काय करत होता, विचारत गेली आणि मी सांगत गेलो. पाणी पीत होता. मान वर करून बघितलं. सावकाश गेला, पानांचा आवाज नाही. एक कान फाटलेला. ती म्हणाली, "तुझ्यावर माझा भरवसा आहे," आणि सगळं लिहून घेतलं. आज सकाळी म्हातारा वाटाड्या ओढ्यावर जाऊन ठसा आहे का बघून आला. काही नव्हतं. तोच मला म्हणाला, "पाण्याने गेला असेल." मी मान हलवली.

तुमचा बिबट्या आता इथल्या वहीत आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर टपरी हसली, मी खोटं सांगितलं तर तारीख घालून लिहून घेतलं, याचा मला सकाळपासून राग येतोय आणि तो कोणावर काढावा कळत नाही. वही उद्या शहरात जाईल. बाईला आज खरं सांगता येईल, तिचा तंबू इथून वीस पावलांवर आहे. मी हे लिहीत बसलोय. हे पाठवायला पत्ता नाही, ट्रंकेत जिनिंगच्या कागदांखाली राहील.

एक गोष्ट राहिली. वहीत तिने कानाचं चित्र काढलं आणि विचारलं, कोणता कान, डावा की उजवा. मी उजवा सांगितला. तुम्ही टपरीवर नक्की सांगितलं असणार कोणता ते. मला ऐकू आलं नाही. मीही हसत होतो.