नाव तेवढंच चुकलं नव्हतं

दुसरबीड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

सौ. कौशल्यावहिनींना निवृत्तीचा नमस्कार.

तुम्ही माहेरी बीबीला बऱ्या असाल. गुडघ्याचं दुखणं कसं आहे? अर्पिताचं नर्सिंगचं दुसरं वर्ष बुलढाण्याला नीट चाललंय, असं आमची समता सांगत होती. इकडे सगळे ठीक. मिरचीचा प्लॉट यंदा बरा आहे, थंडी लवकर गेली म्हणून फुलं थोडी गळाली.

वर सौ. लिहिलंय ते चुकून नाही. दोनदा खोडून पुन्हा तेच लिहिलं. का, ते पुढे लिहितो. फोनवर सांगायला गेलो असतो तर अर्ध्यात थांबलो असतो, म्हणून कागद घेतला.

दहा वर्षं बेपत्ता म्हणून भाऊला मयत ठरवायचा कोर्टाचा हुकूम गेल्या ऑगस्टमध्ये झाला, तो तुम्हाला माहीत आहे. त्याची नक्कल मी दिवाळीनंतर तलाठ्याकडे नेली. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यात तर तुम्हीच मयत आहात." खरंच तसं होतं. भाऊचं शालिग्राम पंजाबराव हे नाव पाहिजे होतं तिथं माझं निवृत्ती पंजाबराव पडलं होतं. वकिलाच्या ऑफिसात अर्ज टाइप करतानाच ते चुकलं, आणि पुढे हुकुमातही तसंच उतरलं. तलाठी ऑफिसातले लोक हसले. मीही हसलो. वकील म्हणाले, घाबरू नका, लिपिकाची चूक आहे, दुरुस्तीचा अर्ज टाकू, दोन मिनिटांचं काम.

बुधवारी १२ तारखेला त्या अर्जाची तारीख होती. जज म्याडम नव्या आहेत, सगळं स्वतः वाचतात. त्यांनी जुना हुकूम वाचला, माझं तेव्हाचं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि विचारलं, "नाव तेवढं चुकलं. बाकीचा मजकूर बरोबर आहे ना?"

वकील म्हणाले, बरोबर आहे.

"मी अर्जदाराला विचारतेय."

वहिनी, त्या प्रतिज्ञापत्रात एक ओळ आहे. 'सन २०१४ पासून शालिग्राम यांची कोणतीही खबरबात अर्जदारास अगर कुटुंबीयांस मिळालेली नाही.' मला हो म्हणायचं होतं. मी वकिलांकडे पाहत राहिलो. म्याडमनी ते पाहिलं आणि सांगितलं, ३ मार्चला नवीन प्रतिज्ञापत्र द्या, मग हुकूम करते.

बाहेर आल्यावर वकील चिडले. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी फाइलची दोरी बांधली आणि म्हणाले, टायपिंगची चूक वेगळी आणि खोटी शपथ वेगळी, ही दुसरी माझ्या अर्जात बसत नाही.

आता तुम्हाला सांगतो.

२०१८ च्या डिसेंबरात भाऊचा फोन आला होता. मी शेडनेटच्या बाहेर ड्रिपची नळी जोडत होतो. अनोळखी नंबर होता. तो म्हणाला, "निवृत्ती, मी बोलतो." आवाज लगेच ओळखला. त्यानं बापूंचं विचारलं. बापूंना जाऊन दोन वर्षं झाली, हे मी सांगितलं, तर तो रडला. मग म्हणाला, "कौशल्या हाय का घरी? येऊ का मी?"

मी म्हणालो, "ते माहेरी गेली. तुहं नाव काढत नाही. आता कशाले येतो?"

तुम्ही तेव्हा माहेरी नव्हता. बीबीला तुम्ही पुढच्या वर्षी गेलात. त्या वेळी तुम्ही माझ्यापासून वीस पावलांवर, जाळीच्या आत, बायकांबरोबर बियाण्याच्या मिरचीच्या फुलांना हातानं पराग लावत होता. मी बोलत असताना मला तुमची हिरवी साडी दिसत होती. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं.

असं का बोललो, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा दिलं. तो गेल्यावर बापू खचले, मी एकट्यानं शेत ओढलं, त्याचा राग होता. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. त्याच महिन्यात मी त्याच्या वाट्याच्या शेतावरही शेडनेट उभं केलं होतं. तो आला असता तर ते त्याचं झालं असतं.

आणि तो गेला कशामुळे? तणनाशक मारलेला पंप मी न धुता ठेवला होता. त्यानं तोच घेऊन मिरचीवर फवारा मारला आणि सगळी रोपं जळाली. बापूंनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. मी तिथंच उभा होतो. पंप माझा होता, हे मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ घरातून गेला.

तुमच्या सहीचंही सांगायचं आहे. अर्पिताच्या वसतिगृहाच्या कागदांना वडिलांच्या मृत्यूचा दाखला लागतो, असं सांगून मी तुमचं 'हरकत नाही' लिहून घेतलं. वसतिगृहानं असा कागद कधीच मागितला नव्हता. भाऊचं नाव उताऱ्यावरून जाईल, तुमचं लागेल, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून हक्क सोडाल, असा माझा हिशेब होता. तुम्ही म्हणाला होता, "पोरीसाठी करते, पण माहं मन मानत नाही." हुकूम झाल्यावर मीच तुमच्या जावेला, पुष्पाला, आणि भावकीतल्या बायांना बीबीला पाठवलं. त्यांच्यासमोर तुम्ही गळ्यातली काळी पोत काढून दिलीत. पुष्पा घरी येऊन जेवली नाही. मी जेवलो.

बुधवारी कोर्टातून आल्यावर मी तो नंबर लावला. बियाण्याच्या पाकिटावर लिहून ठेवला होता. सहा वर्षांत फाडून टाकला नाही, एवढंच. बऱ्हाणपूरच्या केळीच्या वखारीत लागला. कोणीतरी उचलला आणि म्हणाला, "शालिग्राम? हाव, हाय ना. गाडी भरून राह्यला."

वहिनी, भाऊ जिवंत आहे.

तो फोनवर आला. मी हुकुमाचं सगळं सांगितलं आणि ये म्हणालो. त्यानं एवढंच विचारलं, "तिनं सही केली?"

मी हो म्हणालो.

"मंग राहू दे," म्हणाला आणि फोन ठेवला.

सही कशी घेतली ते मी तेव्हाही सांगितलं नाही. आता त्याला वाटतंय, तुम्ही त्याला सोडून दिलं. तीन दिवस फोन हातात घेतो आणि ठेवतो. काल पुष्पाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी वहिनीले सांगा. भाऊजीले काय सांगायचं ते तिचं तिले ठरवू द्या." म्हणून हे पत्र. नंबर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिला आहे. संध्याकाळी सहानंतर तो वखारीवर असतो.

३ मार्चला मी कोर्टात सांगणार आहे की नाव तेवढंच चुकलं नव्हतं. माझ्यावर केस होईल, असं वकील म्हणतात. होऊ दे. तुम्ही यावं असं मी म्हणणार नाही. अर्पिताला हे तुम्ही सांगा किंवा मी येऊन तिच्यासमोर सांगतो, तुम्ही म्हणाल तसं. मला माफ करा असं लिहायला घेतलं होतं, पण ते मागायच्या आधी तुमचं भाऊशी बोलणं व्हावं.

पत्र वाचून झालं की आधी फोन करा. मला नाही, त्याला.

खाली 'आपला दीर' लिहायला हात धजत नाही.

निवृत्ती