एसटीत नेलेली छऱ्याची बंदूक

गुरुवार, अचलपूर

आज अमरावतीहून नेमबाजीचा सराव करून परतत होते. छऱ्याची बंदूक चादरीत गुंडाळलेली, एसटीच्या धक्क्यांनी तिचा दस्ता बाहेर आला. शेजारची बाई किंचाळली, "बंदूक हाये इच्यापाशी!" तिने लेकराला पोटाशी धरलं. कंडक्टरने गाडी थेट पोलीस ठाण्यात न्यायला लावली.

ठाणेदारांनी बंदुकीची पावती आणि माझं ओळखपत्र पाहिलं. बंदूक रिकामी असल्याचं मी उघडून दाखवलं. ते म्हणाले, "हिले परवाना लागत नाही, गुन्हाबी नाही. पण लोकायले कसं समजन? चादरीत काहून नेता? पेटीत घालून कुलूप लावत जा."

घरी अब्बांना सगळं सांगितलं. सुतारकाम थांबवून ते म्हणाले, "रुखसाना, आपल्या पोरीपाशी बंदूक दिसली तं लोक काय समजतीन? सोडून दे बेटा."

सोडू? रविवारी अकोल्याला स्पर्धा आहे. लेकराला पोटाशी धरलेली ती बाई सारखी आठवते. ती घाबरली, यात तिचं काय चुकलं? पण म्हणून मी नेमबाजी का सोडायची?

"मी जाणार, अब्बा," मी म्हटलं. "बंदूक कुलूपबंद पेटीत नेईन, छर्रे वेगळ्या डब्यात. गाडीत चढायच्या आधी कंडक्टरले सांगीन."

अब्बा उठले. मग टेप घेऊन त्यांनी बंदुकीची लांबी मोजली आणि विचारलं,

"आतून मखमल लावू का?"