सिंगापूर ते क्वालालंपूर, एक तास

प्रिय सलीम,

अम्मीने काल मला पकडलं. शेजारच्या पोरीला तिने मोबाइलवर बघायला लावलं, सिंगापूरहून क्वालालंपूर किती लांब? पोरीने सांगितलं, तीनशे किलोमीटर, विमानाने एक तास. अम्मी फोनवर म्हणाली, "अरे, जव्हारहून ठाण्याला एसटीने जायला याहून जास्त लागतं. तू तर मला दोन दिवस सांगितले होतेस!" मी फोन ठेवून दिला. आता तुलाच लिहितोय, कारण तू उलटून बोलणार नाहीस.

तसा तू होतास उलटून बोलणाराच! जव्हारच्या अब्बांच्या शिवणाच्या दुकानातून उचलून मी तुला सिंगापूरला माझ्याजवळ शिवणकामाला आणलं, आणि तू गिऱ्हाइकासमोर म्हणालास, "भाई, बाहीचं माप चुकलंय." चुकलं होतंच. म्हणून तर कानाखाली वाजवली. "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हटलं, तर तू सरळ क्वालालंपूर गाठलंस. गाढवा, मोठा भाऊ बोलेल ते सगळं ऐकायचं असतं का?

तीन वर्षं गेली. तुझा आजार कळला तरी मी अडून बसलो. तू फोनवर म्हणालास, "भाई, एक तासाचं तर विमान आहे, येऊन जा ना." मी म्हटलं, "आधी माफी माग." तू हसलास, मग खोकत राहिलास. त्या खोकल्याचाही मला राग आला. इतका नीच होतो मी! अम्मीला सांगितलं, मध्ये समुद्र आहे, दोन दिवस लागतात, रजा मिळत नाही.

तू गेल्याचा फोन सकाळी आला. तुझ्या खोलीतला माणूस म्हणाला, "दुपारच्या नमाजानंतर दफन आहे, लगेच निघा." आणि मी काय केलं? कापड आणायला गेलो! जव्हारात आपल्यातलं कुणीही गेलं की कफन आपल्याच दुकानात कापलं जातं, आणि अब्बांचं कापून होईपर्यंत जनाजा थांबतो. मला वाटलं, तिथेही थांबतील. तुझं माप तोंडपाठ होतं. बारकाईने कापलं, घडी घातली आणि दुपारचं विमान धरलं. पोहोचलो तर तू मातीखाली. तिथे मशिदीत कफनं तयारच ठेवलेली असतात रे! परक्यांनी तुला गुंडाळलं, परक्यांनीच माती दिली. मेल्यावरसुद्धा तुला दम धरवला नाही?

अम्मीला मात्र मी सांगितलं, माझ्यासाठी दफन थांबवलं होतं, घरच्या हातचं कफन मिळालं त्याला. ती खूप रडली आणि मला दुआ दिली. ती दुआ मी गपचूप घेतली.

आता वचन देतो. या महिन्यातच जव्हारला जाईन. ते कोरंच राहिलेलं कफन अम्मीच्या मांडीवर ठेवीन आणि म्हणेन, एकच तास होता, मीच गेलो नाही. तिने दारातून हाकललं तर बरंच होईल. पण तिने पोटाशी धरलं तर मी काय करू, सलीम?

तुझा कोडगा भाई,
रशीद