पांढऱ्या खडूची बातमी

बाबा, आज तुमची फार आठवण येते आहे, आणि त्याला काही तिथी-बिथी कारण नाही. कारण आहे इराण-इराकची लढाई. तुम्ही गेलात त्याला आता एक तप उलटून गेलं; तेव्हा ही लढाई नव्हती आणि तुमचे जावईही नव्हते. ते इंजिनिअर आहेत, बगदादच्या बाजूला एका भारतीय कंपनीसाठी पूल बांधताहेत. त्यांचं पत्र हातात पडतं तेव्हा महिन्याभराचं शिळं झालेलं असतं. ‘इकडे सर्व ठीक’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि मी वाचत असते तेव्हा डोक्यात एकच येतं, लिहिलं तेव्हा ठीक होतं, आजचं काय? काल रेडिओनं सांगितलं की सुरक्षा परिषदेनं एकमतानं ठराव केला, लढाई थांबवा म्हणून. एकही हात खाली नव्हता म्हणे. मी रेडिओ बंद केला आणि मनातल्या मनात तुमच्याशीच बोलायला लागले; आज तेच कागदावर लिहिते आहे. या बातमीचा अर्थ मला तुमच्याकडून हवा आहे, दुसऱ्या कोणाचा नको.

महाल भागातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर तो फळा होता. तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात, पण शाळेत जाण्याआधी सकाळच्या बातम्या ऐकून आधी त्या फळ्यापाशी जायचात. वर पांढऱ्या खडूनं बातमी. खाली पिवळ्या खडूनं तुमचं मत, तेही एकाच ओळीत. मी एकदा विचारलं होतं की दोन खडू कशाला, तर तुम्ही म्हणालात, “पांढऱ्यात आपलं मन घालाचं नाही वं. पिवळा आहे न त्याच्यासाठी.” रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली त्या वर्षी तुम्ही पिवळ्यानं लिहिलं होतं, ‘देणाऱ्याचे आभार, पण दुसऱ्याच्या धान्यावर मान ताठ राहत नाही.’ दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायांनी ते एकमेकींना वाचून दाखवलं, आणि गिरणीवाले काका आतूनच ओरडले, “गुरुजी, मानेचं सोडा, ह्या भाकरीनं जबडा दुखून राहिला!” तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. ते हसू मला आजही ऐकू येतं, आणि आलं की हातातलं काम राहूनच जातं.

तुमचा जगावर भारी विश्वास होता बाबा. सगळे देश एका छताखाली बसतात, बोलतात, हात वर करून ठरवतात, याचं तुम्हाला लहान मुलासारखं अप्रूप होतं. मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं, शिंगं फुटली होती, म्हणून म्हणायचे की तिथे नुसत्या गप्पा होतात. मग तुम्ही रामटेकजवळच्या तुमच्या गावाच्या गोष्टीवर यायचात. धानाच्या बांधीतल्या पाण्यावरून तिथे दर साली काठ्या निघायच्या, आणि चावडीवर बहुतेकांचे हात वर झाले की काठ्या खाली यायच्या. “चावडी मोठी झाली, एवढाच फरक,” असं तुम्ही म्हणायचात. मला ते पटत नसे. पण तुम्ही बोलत असताना ते खोटं आहे असंही वाटत नसे.

मग बांगलादेशची लढाई लागली. दादा फौजेत, पूर्वेच्या आघाडीवर. आई ताटावर बसायची आणि भात नुसता चिवडून उठायची. तुम्ही तिच्याकडे बघत राहायचात. थंडीच्या त्या सकाळी रेडिओवर बातमी आली की आमसभेत शंभराच्या वर देशांनी लढाई थांबवा म्हणून मत दिलं. तुम्ही तसेच उठलात, मफलरही घेतला नाही. मी पाणी भरायला खाली उतरले तोवर फळ्यावर पांढऱ्या खडूनं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘युद्धबंदी. लढाई थांबली.’ खाली पिवळी ओळ नव्हती. काकांनी पट्टा उतरवून गिरणीच बंद केली. कोणी म्हणालं, “जिंकून राहिलो होतो न आपण, मंग काहून थांबवली?” पण बाया त्याला बोलू देईनात. आई फळा वाचून धावत घरी आली आणि तिनं तुम्हाला विचारलं, “अहो, खरं सांगून राहिले न तुम्ही?” तुम्ही मान डोलावलीत. तिनं शिरा केला, गल्लीत वाटला, आणि त्या दिवशी ती जेवली. मी समोर बसून तिचा एकेक घास बघत होते. वेडीच झाले होते आनंदानं.

दुपारच्या बातम्यांत आपलं सैन्य पुढे सरकत होतं. लढाई थांबलीबिंबली नव्हती, कोणी थांबवणारही नव्हतं. काका घरी आले, दारातच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “गुरुजी, मी पुसू का फळा?” तुम्ही म्हणालात, “नाही गा. मी लिहिलं, मीच पुसतो.” मी तुमच्यासोबत आले. तुम्ही धोतराच्या सोग्यानं तो फळा पुसलात, आणि पांढऱ्यानंच लिहिलंत की सकाळची बातमी खरी नव्हती, माफ करा. गल्लीत कोणी बोल लावला नाही, उलट दोघंतिघं तुम्हाला नमस्कार करून गेले, आणि त्यानं तुमचा चेहरा आणखीच पडला. परत येताना तुम्ही मला म्हणालात, “हात वर झाले, एवढंच रेडिओनं सांगितलं होतं वं. बाकीचं माझं मीच जोडलं.” पुढे खरी युद्धबंदी झाली तेव्हा ते तुम्ही काकांना लिहायला लावलंत. दादा सुखरूप आला. तुम्ही पुन्हा फळा लिहू लागलात, मतं मांडलीत, भांडलात, अरबांनी तेल रोखलं आणि रॉकेलच्या रांगा लागल्या तेव्हा तर चार दिवस गल्ली पेटवून ठेवलीत. पण त्या एका सकाळीबद्दल आपण कधीच बोललो नाही.

तेच मला विचारायचं आहे. तेव्हा तुमचा खरंच विश्वास बसला होता, की आईला एक सकाळ जेवू घालायचं होतं? मी इतकी वर्षं दोन्ही उत्तरं आलटून पालटून धरली. कधी तुम्ही भोळे वाटता, कधी तुमच्याएवढा शहाणा माणूस नाही असं वाटतं. काल ठरावाला हात वर करणाऱ्यांत असे देश आहेत जे या लढाईला तोफा विकताहेत, तिथल्या मढ्यांवर त्यांचे कारखाने चालले आहेत. ज्या देशानं तेल विकून पूल बांधायला काढले तोच आता पुलावर बॉम्ब पडेल का हे बघत बसला आहे, आणि आमची माणसं त्या पुलावर उभी आहेत. हे मला सगळं कळतं. बोर्डासमोर उभी राहून मी मुलींना हेच शिकवते. पण हे कळून माझं काही भागत नाही बाबा. मला तुमची ती एक ओळ हवी आहे. तुम्ही बाजूला खुर्ची ओढून बसावं, चष्मा कपाळावर सरकवावा, आणि नुसतं “हं” म्हणावं, तेवढंही चालेल.

या कागदावर पत्ता काय घालू? तो घडी करून ठेवून देईन. ठेवण्याआधी एक सांगते. जावई इराकला गेल्यापासून सासूबाई खाप्याहून येऊन माझ्याकडे राहताहेत. त्यांना फार ऐकू येत नाही, रेडिओ तर नाहीच. काल मी तो बंद केला तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “काय सांगितलं वं त्यानं? लढाई थांबली का?” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “हो, थांबली.” त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, “खोटं बोलून राहिली न तू?” मी हात सोडवून घ्यायला गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, “असू दे. अजून एक डाव सांग.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना, बाबा, माझाच विश्वास बसला.