‘देम’ म्हणजे नेमके कोण?

३ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

कारणही तसंच. पलीकडच्या सभागृहात गाणाऱ्या मंडळाच्या बाई दुकानात आल्या. मंडळाची चोवीस जॅकेटं दुरुस्त करायची आहेत. नमुन्याला एक ठेवून गेल्या. हे जमलं तर बाकीची तेवीसही आपल्याकडे. बाईंना फक्त इंग्रजी येतं. हिला सांगून टाकलं, तू काज-बटणं बघ, बोलायचं माझ्यावर सोड.

बाई जॅकेटचं कापड कंबरेपाशी चिमटीत धरून म्हणाल्या, ‘टेक इट इन.’ ही म्हणाली, अहो, कंबरेत आत घ्यायला सांगत असतील. मला हसू आलं. इंग्रजी इतकं सोपं असतं तर रस्त्यावरचं कोणीही बोललं असतं. जॅकेट आत नेलं आणि कपाटात नीट ठेवलं.

५ मार्च

बाई आल्या. जॅकेट होतं तसंच बघून चेहरा उतरला. दगदग झाली असावी. हिने मध्येच येऊन कंबरेला दोन टाचण्या लावल्या. बाई ‘येस, येस’ म्हणाल्या. टाचण्या लावायला हिला मीच शिकवलंय.

६ मार्च, सकाळी

निश्चय: इंग्रजी पक्कं करायचं. आठवडा पुरे.

दुपारी

वरच्या मजल्यावर निवृत्त सर राहतात. त्यांच्या पँटी मीच शिवतो. त्यांनी गुपित सांगितलं. इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असं शेपूट लागलं की अर्थ पार बदलतो. आणि ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ ही मंडळी त्या दोघांच्या मध्ये बसतात. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, पण ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. ‘टर्न इट ऑफ’च म्हणायचं. वा! कापड आणि अस्तराच्या मध्ये कॅनव्हास, तसं. सर म्हणाले, थांबा, दुसराही एक प्रकार आहे, त्यात मात्र... मी म्हटलं, सर, पुरे. मर्म कळलं.

७ मार्च

दिवसभर सराव. ‘आय वेट यू फॉर.’ ‘आय लुक यू आफ्टर.’ सगळी मध्ये बसवली. एका जागी बसवेना. मशीनवरून उठ, दारापर्यंत जा, परत ये. एका गिऱ्हाइकाची कॉलर उलटी शिवली गेली. हिने उसवली. मोठ्या कामात असं व्हायचंच.

जिन्यात सर भेटले. माझं वाक्य ऐकून म्हणाले, अहो, ‘वेट फॉर यू’, ‘लुक आफ्टर यू’! तिथे मध्ये घुसायचं नाही! काल स्वतःच घुसायला सांगत होते. वय झालं की माणूस विसरतो.

१० मार्च

बाई मापासाठी चार गायक घेऊन आल्या. चौघेही अंगाने भरलेले. जॅकेटं इतकी तंग की बटणं तुटायच्या बेतात. मी पुढे होऊन म्हणालो, ‘मॅडम, आय वेट यू फॉर.’ बाईंनी भुवया उंचावल्या. छाप पडली.

मग चौघांकडे हात करून बाई म्हणाल्या, ‘लेट देम आउट.’ नियमाप्रमाणे ‘देम’ मध्ये! एकदम ओळखलं. लेट म्हणजे द्या, आउट म्हणजे बाहेर. चौघांना नम्रपणे दार उघडून दिलं आणि फुटपाथवर उभं केलं. ऊन होतं. एक जण काचेला नाक लावून आत बघत होता.

हिने मागून ढोसलं. अहो, जॅकेटं सैल करायची आहेत. बाईंनी स्वतः जाऊन चौघांना आत आणलं.

११ मार्च

शांतपणे विचार केला. ‘देम’ म्हणजे माणसं की जॅकेटं, हे इंग्रजांनीच ठरवलेलं नाही. चूक भाषेची. मी काय करणार?

१३ मार्च

फार लिहवत नाही. एका गायकाच्या अंगावरच मी नमुन्याच्या जॅकेटच्या खिशाचं टोक ठाकठीक करत होतो. हातात कात्री. मागे दोघे गायक एकमेकांना कोपरखळ्या मारत खिदळत होते. बाई कडाडल्या, ‘कट इट आउट!’

हुकूम स्पष्ट. ‘इट’ मध्ये. आणि कात्री ‘इट’वरच होती. खिसा कापून काढला.

बाई खुर्चीत बसल्या. नंतर हिने सरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, बाई त्या दोघांना म्हणाल्या, पुरे करा आता.

तेवीस जॅकेटं गेली. नमुन्याचंही भरून द्यावं लागणार.

१४ मार्च

ही सकाळपासून त्या जॅकेटवर. खालची पट्टी उसवून आत दाबलेलं कापड काढलं, त्यातून खिसा कापला, वीण जुळवून बसवला. मी जवळ उभा राहून सूचना देत होतो. ही म्हणाली, जरा बाहेर जाऊन या. चार वेळा जाऊन आलो.

१५ मार्च

बाईंना जॅकेट दाखवलं. त्यांनी खिशावरून बोट फिरवलं, जॅकेट उजेडात धरलं. मग हिच्याशी बोलत बसल्या. हिच्याकडे एकूण तीन शब्द. ‘अप?’ ‘डाउन?’ ‘हिअर?’ प्रत्येक शब्दाला एक टाचणी. बाई मान हलवायच्या किंवा टाचणी सरकवायच्या. सर्वनाम एकही नाही. व्याकरणाच्या दृष्टीने शून्य.

बाई निघाल्या, मी दार उघडलं. नुसती मान लववली.

१७ मार्च, दुपारी

दुकानातला फोन वाजला. मीच उचलला. बाई. ‘कुड यू पुट हर ऑन?’

पुट ऑन म्हणजे अंगात घालणे. शिंप्याला हे कोणी शिकवायला नको. ‘हर’ म्हणजे ती, आणि दुकानात ती एकच. खूप विचार करून ठामपणे म्हणालो, ‘मॅडम, शी इज नॉट जॅकेट.’

पलीकडे बराच वेळ हसू. हिने इस्त्री उभी केली, हात पुसले, अहो, मला फोन द्यायला सांगत असतील, म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. ‘येस. टेन डे. ओके. थँक यू.’

मी विचारलं, काय म्हणाल्या? ही म्हणाली, तेवीसही आपल्याकडेच. मापं मी घ्यायची, शिवण तुमची. बोलणं माझ्याशी.

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, तुला एवढं इंग्रजी कधी कळायला लागलं?

ही म्हणाली, ‘मला कुठे काय कळत होतं? म्हणून तर विचारत गेले.’

हिने टाचण्या लावलेलं नमुन्याचं जॅकेट घेऊन उसवायला बसलो.