सबस्टेशनची लाइन

३ मार्च
बदलीच्या गावी पोचलो. सबस्टेशनला लागूनच क्वार्टर, दोन खोल्या, भरपूर वारा. आल्या आल्या शेजाऱ्यांपुढे फुशारकी मारली, की आमची लाइन सबस्टेशनचीच, इथं वीज जातच नाही. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी लगेच मोबाइल आणून चार्जिंगला लावला. पहिल्याच दिवशी ओळखी झाल्या, बायकोला फोनवर सांगितलं. बरं वाटलं.

११ मार्च
राज्यात विजेचा तुटवडा. बाजारातली वीज इतकी महागली, की मुख्यालय ती घ्यायलाच तयार नाही. कुठली लाइन कधी बंद ठेवायची, ते वरून कळतं. मी नुसतं बटण दाबतो. पण हे गल्लीत कोणाच्या गळी उतरत नाही. सगळ्यांच्या वायरी माझ्या खिडक्यांतून आत आल्यात, त्यामुळे खिडक्या लागत नाहीत. फ्रिजमध्ये गल्लीची औषधं, माझं दूध बाहेर नासतंय.

१८ मार्च
काकूंनी यजमानांना आणून माझ्या पलंगावर झोपवलं. त्यांचा श्वास मशीनवर चालतो. नाही कसं म्हणणार? मी खाली सतरंजीवर. काकू मला जेवायला घालतात, शर्ट धुतात. जीव लावतात, खोटं कशाला बोलू.

२४ मार्च
बायकोचे दिवस भरत आलेत. रजा मिळाली, बॅग भरली. दारात गल्लीतले न्हावी आणि मास्तर खुर्च्या टाकून बसलेले. हसत म्हणाले, साहेब गेले की वीजही जाईल. माझ्या चपला काकूंनी जपून ठेवल्यात म्हणे. आता ड्यूटीवर दोघं सोबत येतात आणि परत आणून सोडतात.

२७ मार्च
मुख्यालयाचा फोन. दर आणखी चढलाय. उद्यापासून आमचीही लाइन बंद, दर उतरेपर्यंत. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर बंद करेल. काकूंना सांगितलं, यजमानांना हॉस्पिटलात हलवा. हॉस्पिटलनंच घरी धाडलंय, म्हणाल्या. मला भीती वाटतेय —

२८ मार्च
गेली. पंखा थांबला. मशीन थांबलं. काकूंनी हवा भरायची रबरी पिशवी यजमानांच्या गळ्यातल्या नळीला जोडून माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही.
"वीज तुम्ही घालवलीत. आता श्वास तुम्हीच द्या."
दाबतोय. दाराला बाहेरून कडी —

२९ मार्च
डाव्या हातानं लिहितोय. काकू म्हणतात, लिहा, डोळा लागणार नाही. बायकोचा फोन वाजला, बॅटरी संपली — बाळ झालं का —
दर उतरला का, कोणी सांगत नाही.
यजमान माझ्याकडेच बघतायत. थांब म्हणतायत की थांबू नको, कळत नाही. हात बदलू का विचारलं तर काकूंनी मनगट धरलं —
बोटं आता वळत ना