गोजरबाईचे चार आकडे

मी, नूरजहां सईद मणियार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. साखरेमुळे पाय सुजतात, पण मृत्युपत्र कोणी पायाने लिहीत नाही. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझे नाव चुकले होते आणि ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप, तिचा एक शब्द नव्हता. तो परत केला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर इतक्या वैतागाने लिहिले नसते.

१. राहते घर व लागून असलेले दुकान माझ्या कमाईचे असून माझ्या नावावर आहे. मुलगा नौमान व मुलगी यास्मीन यांचे हिस्से शरियतने ठरवलेले आहेत. त्यात मी लुडबुड करत नाही. मला माझ्या मर्जीने देता येतो तो एक तृतीयांश. सगळी कटकट त्याचीच आहे.

२. सदर एक तृतीयांशात दुकानाची खोली, काचेच्या व लाखेच्या बांगड्यांचा माल आणि कपाटे धरावीत. हे सर्व मी काजल हिला देते. काजल म्हणजे आमच्या गावच्या पंजाबराव व गोजरबाई यांची मुलगी, सध्या सासरी अमडापूर येथे. ती माझ्या नात्याची नाही, जातीची नाही. लोक विचारतील, काऊन? तर ऐका.

बांगडी भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो. अडकलेली बांगडी सरकेपर्यंत बाई मनातले बोलते. पूर्वी सासूबद्दल बोलायच्या. बँकेची कार्डे आली आणि बाया पिन सांगू लागल्या.

"भाभी, माह्या ध्यानात नाही राहत. घरी लिहून ठेवला तं हे काढून नेतीन. तू ठेव ध्यानात."

मी म्हटले, "मी काय बँक हाये?" कोणी ऐकले नाही. अन्नपूर्णाबाईने तर टपालाचा पिनकोड सांगितला आणि बँकेच्या पाकिटावर छापलेला आहे म्हणून माझ्याशीच भांडली.

माझ्या डोक्यात आकड्यांची खिचडी झाली, तेव्हा लोणारला शाळेत शिकवणाऱ्या यास्मीनने माझ्या फोनात पासवर्ड मॅनेजर टाकून दिला. एक मोठा पासवर्ड आपण लक्षात ठेवायचा, बाकीचे तो सांभाळतो. ऐकायला छान. वापरताना जीव जातो. चार आकडे लिहायच्या आधी तो विचारतो, वेबसाइट कोणती? मी लिहिले, सोनाळा. युजरनेम? मी लिहिले, कलाबाई, मारुतीच्या पाराजवळची. मग लाल पट्टी दाखवतो की पासवर्ड कमकुवत आहे, आणखी लांब करा. अरे, बँक चारच घेते, मी लांब कुठून करू? पुन्हा पट्टी, हाच पासवर्ड दुसरीकडेही वापरला आहे. असणारच. निम्म्या गावाने एक-दोन-तीन-चार ठेवला होता. मला चष्म्यातून आधीच दिसत नाही, त्यात हा आकड्यांच्या जागी ठिपके दाखवतो.

तरी मी सगळ्यांचे भरले. गोजरबाईचेही.

गोजरबाईचे शेत तिच्या वडिलांनी दिलेले, सातबारा तिच्या नावावर. सन २०१७ ला कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी शिरली. बीटीला अळी लागत नाही असे छाती फुगवून सांगणाऱ्यांनीच उभ्या पऱ्हाटीत रोटावेटर फिरवले. पुढच्या वर्षी सरकारची मदत आली ती गोजरबाईच्या खात्यात. काजल बारावी झाली होती, बुलढाण्याला नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले होते. गोजरबाई मला म्हणाली, "भाभी, हा पैसा पोरीचा. कपाशीचं तोंड मले पाहायचं नाही." कार्ड घरातच डब्यात होते. आकडे फक्त तिला आणि मला ठाऊक.

पंजाबरावला पेरायचे होते. कोणीतरी त्याला सांगितले होते की चोर बीटी, म्हणजे सरकारची परवानगी नसलेले बी, लावा, तणनाशक मारले तरी झाड मरत नाही. पंजाबराव वाईट माणूस नाही. बांधावरून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला जो शेवटचे सांगेल ते खरे वाटते. तो माझ्याकडे आला. मी पिन दिला नाही. मग तो नौमानकडे गेला.

मला वाटे, माझा मोठा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. पण फोन नौमानने चालू करून दिलेला. तेव्हा त्याने स्वतःचे बोट त्यात नोंदवले होते, आणि बोट टेकले की तो पासवर्ड मॅनेजरही उघडत होता. एवढी मोठी किल्ली मी पाठ करत बसले आणि मागचे दार पोराच्या बोटाने उघडे. मी नमाजला बसले असताना त्याने चार आकडे पाहून पंजाबरावला सांगितले.

खाते रिकामे झाले. बिनपावतीची, बिननावाची पाकिटे आली. अर्धे बी उगवलेच नाही. काजलच्या प्रवेशाची मुदत निघून गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले.

नौमानला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, नवराच तं हाये तिचा. घरचा पैसा घरात गेला."

"मंग तिनं त्याले काऊन नाही सांगितला आकडा?"

तो चहा प्यायला निघून गेला.

मी गोजरबाईच्या ओसरीवर जाऊन सगळे सांगितले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच म्हटले, "भाभी, मी तुह्यावर इस्वास ठेवला होता, फोनवर नाही." त्यानंतर ती माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. बाजारातून प्लॅस्टिकच्या बांगड्या घेते. मला त्या लांबूनही ओळखू येतात.

मग मी सगळ्या बायांना एसटीत घालून संग्रामपूरला नेले आणि एटीएमच्या मशीनवर प्रत्येकीला नवे आकडे टाकायला लावले. मी मशीनकडे पाठ फिरवून उभी राहिले. आठवडा गेला नाही तोच कलाबाई दुकानात हजर. "भाभी, नवा नंबर ऐक." मी कानात बोटे घातली. या बायांना काय म्हणावे!

३. सबब, वरील एक तृतीयांशावर काजलने दुकान चालवावे, विकावे, नर्सिंगला जावे की नुसते बसून राहावे, माझी अट नाही. मात्र पैसा तिच्या एकटीच्या खात्यात जावा. गोजरबाईच्या जावईबापूंना राग येईल. येऊ द्या.

४. फोनातील पासवर्ड मॅनेजर मी यास्मीनसमोर रिकामा केला आहे. त्यात कोणाचाही आकडा शिल्लक नाही, त्यामुळे मी गेल्यावर कोणीही विचारायला येऊ नये. फोन नौमानला द्यावा. त्याचे बोट त्यात आहेच.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यास्मीनने करावी. भावाने आवाज चढवला तर तिने कलम दोन त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

६. माझ्या मय्यतीची खबर सगळ्यांना फोनने द्यावी. गोजरबाईला नाही. तिच्याकडे नौमानने स्वतः पायी जावे, दारात उभे राहावे आणि म्हणावे, अम्मी गेली, चल. ती जे बोलेल ते पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये नवऱ्याचे नाव काढू नये. तिने दार लावले तर तिथेच थांबावे. ती आल्याशिवाय मला उचलू नये.

हे सर्व मी वाचून, समजून खाली सही केली आहे.

नूरजहां सईद मणियार
सोनाळा, दिनांक १२ डिसेंबर २०२२

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली:
१. अन्नपूर्णाबाई रामराव वानखेडे
२. शाहीन सकलैन शेख